नाणे खणखणीत आहे ना?

मंडळी, पुण्याला आलात आणि मंडईत गेला नाहीत, असे सहसा होत नाही. शुक्रवार पेठेतला तो अष्टकोनी मनोरा लांबूनच दिसतो. आता तर मंडईच्या खालून मेट्रो धावते. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला, आणि तेव्हापासून जमिनीखालून वर आले की समोर मंडई, अशी सोय झाली आहे.

परवा सकाळी मी तिथे मेथी घेत होतो. माझ्या शेजारच्या मुलाने कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली, ओट्यावर चिकटवलेल्या काळ्यापांढऱ्या चौकटीसमोर आपला फोन धरला, आणि दोन बोटे फिरवली. लगेच भाजीच्या पाटीआडून एक लहानशी पेटी बोलली, "वीस रुपये मिळाले." भाजीवाल्या मावशींनी मान वरसुद्धा केली नाही. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाची वांगी तोलत होत्या. पेटी बोलली, म्हणजे पैसे आले.

मी मुद्दाम विचारले, "मावशी, त्याची बँक कोणती, तुमची कोणती? हे जुळते कसे?"

त्या म्हणाल्या, "ते मला काय ठाऊक? पूर्वी माझ्याकडे तीन-तीन कागद होते चिकटवलेले. ह्याचा वेगळा, त्याचा वेगळा. आता एकच आहे. कुणाचाबी फोन चालतो."

कुणाचाबी फोन चालतो! ह्या तीन शब्दांत एक मोठा इतिहास दडलेला आहे. तो आज आपण पाहू. त्यात राजे-महाराजांच्या लढाया नाहीत. पण तुमच्या-माझ्या खिशाशी त्याचा संबंध आहे, आणि शेतकऱ्याच्या खिशाशी तर फारच.

आधी ह्या मंडईचीच गोष्ट ऐका. पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरत असे. उन्हापावसात, धुळीत. मग नगरपालिकेने पक्की इमारत बांधली आणि १८८६ साली ती उघडली. तेव्हाच्या मुंबईच्या गव्हर्नरच्या नावावरून तिला 'रे मार्केट' म्हणत. जोतीराव फुले हे त्या सुमारास काही वर्षे नगरपालिकेचे सभासद होते. एवढा पैसा बाजाराच्या इमारतीवर ओतण्यापेक्षा तो लोकांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने ह्याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. जोतीरावांचा प्रश्न साधा होता: सार्वजनिक सोय करायची, तर तिचा खर्च कोणावर आणि फायदा कोणाला? हा प्रश्न लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला तो पुन्हा लागणार आहे.

आता आणखी मागे, पेशवाईत जाऊ. त्या काळी बाजारात रुपया म्हटले की एकच रुपया नसे. पुण्याचा अंकुशी रुपया वेगळा, चांदवडचा वेगळा, निजामाच्या मुलखातला वेगळा. जागोजाग टाकसाळी. काही सरकारच्या, तर काही परवाना घेऊन खासगी लोकांनी चालवलेल्या. कोणाच्या रुपयात चांदी जास्त, कोणाच्यात कमी. त्यामुळे एका गावचा रुपया दुसऱ्या गावी पुऱ्या किमतीला चालेलच असे नाही. तो सराफाकडे न्यायचा. सराफ तो दगडावर आपटून आवाज ऐके, कसाला लावी, तोली आणि मग सांगे, "ह्याला इतका बट्टा."

बट्टा हा शब्द आपल्या बोलण्यात अजून आहे. 'नावाला बट्टा लागला' असे आपण म्हणतो. तो शब्द ह्या बाजारातला. आणि 'खणखणीत नाणे' हाही त्याच दगडावरचा.

आता विचार करा, बट्टा कोण भरत होते? सराफ भरत नव्हता, त्याचा तर तो धंदाच होता. मोठा सावकारही नाही, त्याला नाणी ओळखता येत. भरत होता तो खेड्यातून धान्य घेऊन आलेला कुणबी. त्याने माल एका रुपयात विकला, सारा दुसऱ्या रुपयात भरायचा. मधला बट्टा त्याच्या पदरचा. ज्याला नाण्यातले कळत नाही, त्याचे नुकसान. वस्तू चांगली, मेहनत खरी, तोल बरोबर; पण देण्याघेण्याच्या साधनात एकवाक्यता नाही, म्हणून गरीब माणूस नागवला जाई.

राज्यकर्त्यांना हे कळत नव्हते असे नाही. १७६५च्या सुमारास धारवाडकडच्या खासगी टाकसाळींतून हिणकस नाणे निघू लागले, तेव्हा पेशव्यांच्या सरकारने त्या बंद करवून एका सरकारी टाकसाळीची व्यवस्था केली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठी राज्यातली नाणी आणि टाकसाळी यांवर पुढे एक अभ्यासपूर्ण निबंधच लिहिला.

त्याच काळात व्यापाऱ्यांनी आपल्यापुरता एक सुरेख मार्ग काढलेला होता. तो म्हणजे हुंडी. पुण्याच्या पेढीवर पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची, आणि सुरतेला किंवा काशीला ती दाखवून पैसे घ्यायचे. वाटेत चोरांची भीती नाही. दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी हुंडी, ठरल्या मुदतीनंतर मिळत ती मुदती हुंडी. हुंडी गहाळ झाली, तर दुसरी प्रत मिळे, तिला म्हणत 'पेठ'. तीही हरवली, तर 'परपेठ'. एकीचे पैसे दिले की बाकीच्या रद्द. म्हणजे एकाच रकमेचे पैसे दोनदा जाऊ नयेत, ह्याची काळजी आपल्या पेढीवाल्यांनी तेव्हाच घेतली होती. सगळ्या पेढ्या हे नियम पाळत, म्हणून हुंडी चाले. नियम कोणत्या एका पेढीचा नव्हता, साऱ्या बाजाराचा होता. उणीव एवढीच, की ही सोय पेढ्यांची पत असलेल्यांची होती. डोक्यावर पाटी घेऊन आलेल्या बाईला हुंडी कोण देणार?

पुढे १८३५ साली कंपनी सरकारने कायदा करून आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. हेतू अर्थात राज्यकारभाराच्या सोयीचा होता. जुनी नाणी एका दिवसात गेली नाहीत, पण बट्ट्याचा कारभार हळूहळू आटला.

आता गुरुजनहो, तुमच्या घरात कोणी ऐंशीच्या पुढचे असतील, तर त्यांना १९५७ साल विचारा. १ एप्रिल १९५७ रोजी 'नवे पैसे' आले. तोवर सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, तीन पैंचा पैसा. आता एका रुपयाचे शंभर भाग. चार आण्यांचे पंचवीस, हे सरळ. पण एका आण्याचे सव्वासहा! म्हणून कोष्टक निघाले: एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन म्हणजे १२, तीन म्हणजे १९, चार म्हणजे २५. बाजारात कुरबूर झाली. पाव पैसा कोणाच्या घशात गेला, म्हणून गिऱ्हाईक दुकानदाराकडे संशयाने पाही. त्यापाठोपाठ १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-मण जाऊन किलो आले, आणि १ एप्रिल १९६२ पासून नवी वजने सक्तीची झाली. गावोगावचा शेर सारखा नव्हता. किलो मात्र पुण्यात तोच आणि परभणीत तोच. हा फेरफार लोकांच्या अंगवळणी पाडण्यात प्राथमिक शाळेच्या फळ्याचा वाटा मोठा आहे. पावकी-निमकी पाठ करून वाढलेल्या बापाला दशांश समजावला, तो त्याच्या शाळकरी मुलाने.

इथवर आपण नाण्यापाशी आणि वजनापाशी होतो. त्या वस्तू हातात धरता येतात. पुढे पैसा तारेवर आणि लहरींवर चढला, आणि जुनाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला.

बँकेचे कार्ड तुम्ही पाहिले असेल. आधीच्या कार्डाच्या पाठीवर नुसती काळी पट्टी असे. टेपरेकॉर्डरच्या फितीवर गाणे असते, तसा त्या पट्टीवर तुमचा खाते-तपशील. गाण्याची फीत जशी दुसऱ्या फितीवर उतरवता येते, तशीच ही पट्टीही उतरवता येई. मूळ कार्ड तुमच्या खिशात, आणि नक्कल दुसऱ्याच्या हातात! जगभर ही चोरी बोकाळली.

ह्यावरचा उपाय आधी फ्रान्सने अमलात आणला. तिथे कार्डात एक चिमुकला विचारी तुकडा बसवला, ज्याला चिप म्हणतात. पट्टी विचारले की सगळे सांगून टाकते. चिप दर वेळी नवे उत्तर देते, त्यामुळे ऐकलेले उत्तर चोराच्या दुसऱ्यांदा कामी येत नाही. १९९२ अखेर फ्रान्समधल्या बँकांची सारी कार्डे चिपची झाली. पण फ्रान्सची चिप शेजारच्या देशातल्या यंत्राला कळली नाही तर? झाला पुन्हा अंकुशी आणि चांदवडीचा घोळ! म्हणून युरोपे, मास्टरकार्ड आणि व्हिसा ह्या तीन संस्था एकत्र बसल्या आणि १९९६ साली त्यांनी चिपच्या कार्डासाठी एक सामाईक नियमावली काढली. तिघांच्या आद्याक्षरांवरून तिला 'ईएमव्ही' म्हणतात. आज तुमच्या कार्डावर जो सोनेरी चौकोन दिसतो, तो ह्या नियमावलीचा. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही बँकांना नुसत्या पट्टीची कार्डे बदलून चिपची देण्यासाठी २०१८ च्या अखेरची मुदत घातली होती.

युरोपची अडचण समजून घेण्यासारखी आहे. तिथे २००२ साली बारा देशांच्या बाजारात युरो हे एकच चलन नोटा-नाण्यांच्या रूपाने आले. पण चलन एक झाले तरी बँकांचे मार्ग वेगवेगळेच होते. एका देशातून दुसऱ्या देशातल्या खात्यावर पैसे धाडणे वेगळ्या रीतीचे आणि महागाचे. मग 'सेपा' नावाची एक योजना आखून खातेक्रमांकाची आणि निरोपाची रीत एक केली गेली. युरो वापरणाऱ्या देशांत ऑगस्ट २०१४ पर्यंत ती सर्वत्र लागू झाली. पुढे सप्टेंबर २०१९ पासून तिथे असा नियम आला, की फोनवर किंवा संगणकावर पैसे देताना ओळखीच्या दोन खुणा हव्यात: तुम्हाला ठाऊक असलेली, तुमच्याजवळ असलेली किंवा तुमच्या अंगची, ह्यांपैकी दोन. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना दुसरी खूण २००९ सालीच लावली होती. ह्या एका बाबतीत आपण युरोपच्या दहा वर्षे पुढे होतो, हे अभिमानाने सांगायला हरकत नाही.

आता आपल्या घरची कथा. १९९७ साली मुंबईत बँकांनी 'स्वधन' नावाने एकमेकांची पैसे काढायची यंत्रे जोडण्याचा प्रयोग केला. तो पुढे टिकला नाही, पण वाट दिसली. २००७ साली देशात पैशांच्या देवघेवीच्या पद्धतींसाठी स्वतंत्र कायदा झाला. २००८ साली रिझर्व्ह बँक आणि बँकांची संघटना ह्यांच्या पुढाकाराने मुंबईत राष्ट्रीय देयक महामंडळ स्थापन झाले. ह्याच संस्थेने २०१० साली तत्काळ पैसे पोचवणारी सेवा काढली, २०१२ साली रूपे हे देशी कार्ड काढले, आणि ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत 'यूपीआय' जाहीर झाले.

त्याच वर्षी ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. ते दिवस मंडईतल्या लोकांना चांगले आठवतात. माल होता, गिऱ्हाईक होते, पण सुटे नव्हते. नाशवंत मालाला थांबता येत नाही. उद्या ती कोथिंबीर कोण घेणार? त्या अडचणीत पुष्कळांनी प्रथम फोनवर पैसे घेतले. पण एका कंपनीच्या पिशवीतले पैसे दुसरीच्या पिशवीत जात नसत. प्रत्येकीची चौकट वेगळी. मावशींचे तीन कागद ते हेच. फेब्रुवारी २०१७ मध्ये 'भारत क्यूआर' ही सामाईक चौकट आली. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितले: कोणीही आपल्यापुरती चालणारी नवी चौकट काढायची नाही, आणि जुन्या चौकटी ३१ मार्च २०२२ पर्यंत सर्वांना चालतील अशा करायच्या. एका अर्थाने खासगी टाकसाळींना घातलेला हा नवा पायबंद होय.

त्या काळ्यापांढऱ्या चौकटीचाही इतिहास गमतीचा आहे. १९९४ साली जपानमधल्या डेन्सो ह्या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी बनवली. कंपनीने हक्क घेतला, पण वापरणाऱ्याकडून पैसे मागितले नाहीत. म्हणून ती जगभर पसरली. मोटारीच्या कारखान्यातली खूण आज वांग्यांच्या ढिगाशेजारी बसली आहे!

ती काम कसे करते? चौकटीत पैसे नसतात. तिच्यात फक्त दुकानदाराचा पत्ता असतो. तुमचा फोन तो वाचतो आणि नाव दाखवतो. तुम्ही रक्कम आणि गुप्त आकडा घालता. तो आकडा कुलूपबंद होऊन तुमच्या बँकेकडे जातो. मधले महामंडळ हे चोख हमालासारखे: पाकीट उघडत नाही, ह्या बँकेतून उचलते, त्या बँकेत पोचवते. तुमची बँक रक्कम वजा करते, मावशींची बँक जमा करते, आणि पेटी बोलते. इथे ओळखीच्या खुणा दोन: एक तुमचा नोंदलेला फोन, दुसरी तुमच्या डोक्यातला आकडा. ऑगस्ट २०२५ ह्या एका महिन्यात अशा व्यवहारांची संख्या २००० कोटींच्या वर गेली.

मग सगळे सुरक्षित झाले म्हणायचे? इथेच जरा थांबा, कारण खरी जोखीम इथे आहे.

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने जुने इंजिन विकायला काढले. फोन आला. समोरचा म्हणाला, "काका, पैसे पाठवतो, तुमच्या फोनवर आकडा घाला म्हणजे जमा होतील." काकांनी घातला. जमा होण्याऐवजी गेले. कुलूप मजबूत होते, पण किल्ली त्यांनीच फिरवली. पैसे मागण्याची जी सोय नियमात होती, तीच ठकाने वापरली. अशा फसवणुकी फार झाल्या, म्हणून १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोय बंद करण्यात आली. नियमही असा चुकतमाकतच शहाणा होतो.

म्हणून चार गोष्टी गाठीला बांधा. पैसे घ्यायला गुप्त आकडा कधीच लागत नाही, तो द्यायला लागतो. पैसे देताना फोनवर दिसणारे नाव वाचा. युरोपमध्येही ऑक्टोबर २०२५ पासून नाव आणि खाते जुळते का, हे बँकेने आधी सांगायचे असा नियम झाला आहे. विकणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या फोनवरचे चित्र पाहून माल देऊ नये, चित्र खोटे करता येते. आपली पेटी बोलली किंवा खात्यावर जमा दिसले, तरच खरे. आणि फसलात, तर लाजून घरी बसू नका. १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब कळवा, बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घातलेल्या नियमात वेळेला फार किंमत आहे: चूक बँकेची नाही, तुमचीही नाही, तिसऱ्याच कोणाची आहे, आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलेत, तर भार तुमच्यावर पडत नाही. पण आकडा तुम्हीच दुसऱ्याला सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान तुमचे.

आता जोतीरावांच्या प्रश्नाकडे परत येऊ. खर्च कोणावर, फायदा कोणाला? जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून दलाली घ्यायची नाही, असे सरकारने ठरवले. म्हणून वीस रुपयांच्या जुडीचे मावशींना वीसच मिळतात, बट्टा नाही. पण यंत्रे, तारा, माणसे ह्यांचा खर्च कोणीतरी सोसतोच; तो बँकांनी किती आणि सरकारी तिजोरीने किती सोसावा, ह्याची चर्चा चालू असते. ती चर्चा आपण खेड्यातल्या लोकांनीही कान देऊन ऐकली पाहिजे. कारण उद्या बट्टा परत आला, तर तो कोणाच्या पदरी पडतो, हे इतिहासाने आपल्याला सांगून ठेवले आहे.

शिवाय सर्वांकडे मोठा फोन नाही. साध्या फोनवरून पैसे देण्याचीही सोय आहे, पण ती पुष्कळांना माहीत नाही. डोंगरापलीकडे लहरी पोचत नाहीत, आणि लहरी नसल्या की पेटी मुकी होते. तेव्हा रोख नोट हीही सार्वजनिक सोयच आहे, ती हाताशी असावी.

गुरुजनहो, तुम्हाला एक विनंती. १९५७ साली आण्याचे कोष्टक फळ्यावर आले, तसे एखाद्या शनिवारी फळ्यावर एवढेच लिहा: 'घ्यायला आकडा लागत नाही, द्यायला लागतो.' मुले ते घरी जाऊन आजीला सांगतील. पूर्वी खोटा रुपया ओळखायला सराफाकडे जावे लागे. आता प्रत्येक घरात एक लहानसा सराफ तयार होऊ शकतो, आणि त्याला शिकवण्याचे काम तुमच्या हाती आहे.

मी निघताना मावशींना विचारले, "रोखीने दिले तर चालतील ना?" त्यांनी हात पुढे केला, दहाचे नाणे घेतले, सवयीने बोटांत फिरवून पाहिले आणि मग कमरेच्या पिशवीत टाकले.